साखळीच्या बाजारात पाणी कधी चढेल, हे पृथ्वीचं ‘जुळं’ सांगेल का?

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारातल्या एका धान्य व्यापाऱ्याचा आहे. त्यांच्या लांबलचक पत्राचा मथितार्थ असा: "युरोपने सगळ्या पृथ्वीचं कॉम्प्युटरमध्ये जुळं केलंय, आपल्याकडेही सहा किलोमीटरचं मॉडेल आलंय, असं वाचतो. मग वाळवंटी नदीचं पाणी माझ्या गाळ्यात शिरणार की नाही, हे दोन दिवस आधी कुणी नक्की का सांगत नाही? लाल इशारा आला की पोती माळ्यावर चढवायची, ऊन पडलं की उतरवायची. हमाली माझी जाते. आणि इशारा नसताना एकदा पाणी वडिलांनी खांबावर ओढलेल्या रेघेपर्यंत आलं होतं."

आधी उत्तर देतो, कारणं मागून. दोन दिवस आधी, तुमच्या गाळ्यापुरतं, नक्की? नाही. मी तीसेक वर्षं हवामानाची गणिती मॉडेलं चालवली, बरीचशी पुण्यात आणि शेवटची गोव्यात, आणि माझ्या हयातीत हे होईल असं मला वाटत नाही. पण तुमची हमाली आज जितक्या वेळा फुकट जाते त्यापेक्षा कमी वेळा जाईल, इतकं या जुळ्याकडून मागता येतं. ते कसं मागायचं ते सांगतो.

‘डिजिटल ट्विन’ हा शब्द कारखान्यांतून आला. विमानाच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती कॉम्प्युटरमध्ये ठेवायची, खऱ्या इंजिनावरच्या सेन्सरचे आकडे तिला सतत पाजायचे, आणि खऱ्याला हात न लावता खोट्यावर प्रयोग करायचे. पृथ्वीसाठी हेच करण्याचा सर्वांत मोठा घाट युरोपियन महासंघाने ‘डेस्टिनेशन अर्थ’ या नावाने घातला. ईसीएमडब्ल्यूएफ हे युरोपचं हवामान अंदाज केंद्र, ईसा ही अंतराळ संस्था आणि हवामानाचे उपग्रह सांभाळणारी युमेटसॅट, असे तिघं ते चालवतात. 10 जून 2024 ला फिनलंडमधल्या कयानी गावी, लुमी या महासंगणकाच्या दारात, त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यात जुळी दोन आहेत. एक येत्या काही दिवसांतल्या टोकाच्या हवामानाचं, दुसरं येत्या दशकांतल्या हवामानबदलाचं. पहिलं सगळ्या जगावर साधारण 4.4 किलोमीटरची चौकट टाकतं, म्हणजे जगाचे तेवढ्या लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाचं गणित करतं. युरोपातल्या हव्या त्या तुकड्यासाठी ते 500 ते 750 मीटरपर्यंत खाली उतरतं. युरोपातल्या, हे लक्षात ठेवा. साखळीसाठी ती सोय नाही.

आपल्याकडचं सहा किलोमीटरचं मॉडेल म्हणजे ‘भारत फोरकास्ट सिस्टम’. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ते घडवलं आणि 26 मे 2025 ला ते देशाला अर्पण झालं. ते ‘अर्का’ या पुण्याच्याच महासंगणकावर चालतं. त्याआधी आपली चौकट 12 किलोमीटरची होती. शुद्ध अर्थाने याला कुणी जुळं म्हणत नाही, आणि म्हणू नये. पण तुमच्या कामाला युरोपच्या जुळ्यापेक्षा हेच जवळचं.

आता या चौकटींचा हिशेब तुमच्यासमोर मांडतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. गोव्याचं क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर. 12 किलोमीटरच्या चौकटी टाकल्या तर अख्ख्या गोव्याला 26 पुरतात. मोरजीचा किनारा, साखळीचा बाजार, चोर्ल्याचा घाट, दक्षिणेला काणकोण, सगळं मिळून 26. सहा किलोमीटरला त्या 103 होतात, 4.4 ला 191. प्रत्येक चौकटीत मॉडेलला जमिनीची एकच उंची माहीत असते. म्हणजे 12 किलोमीटरच्या जगात सह्याद्री हा कडा नसतो, उतरंड असते. पश्चिमेकडून आलेला ओला वारा कड्याला धडकून सरळ वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिता होतो, म्हणून वाळपईला पणजीपेक्षा जास्त पाऊस. उतरंडीवर तोच वारा सावकाश चढतो, आणि मॉडेल पाऊस थोडा थोडा सगळीकडे वाटून टाकतं. घाटाचा पाऊस किनाऱ्याला आणि किनाऱ्याचा घाटाला.

ढगांचंही तेच. मोठ्या चौकटीच्या आत ढग उभा राहतो, पण मॉडेलला तो दिसत नाही. मग ‘इतकी उष्णता, इतकी आर्द्रता असेल तर अमुक इतका पाऊस पडत असावा’ असं सूत्र लावून भागवतात. तीन-चार किलोमीटरच्या खाली आलं की सूत्र बाजूला ठेवून मोठा ढग भौतिकशास्त्राच्या नियमांनी स्वतः उभा करता येतो. जुळ्याचा सगळा भाव या एका गोष्टीला आहे. पण चौकट निम्मी केली की आडवी-उभी मिळून चौकटी चौपट होतात आणि गणिताचं पाऊलही निम्मं टाकावं लागतं, म्हणजे काम आठपट. 12 वरून 6 वर यायला आठपट, 6 वरून 3 वर जायला पुन्हा आठपट. शिवाय कुठलीही गोष्ट मॉडेलला ‘दिसायची’ तर ती पाच-सहा चौकटी रुंद असावी लागते. सहा किलोमीटरच्या मॉडेलला तीसेक किलोमीटरचा पावसाचा पट्टा नीट कळतो. विर्डी-केरीच्या डोंगरांतून निघून तुमच्या दारी येणारी वाळवंटी आणि तिचं पाणलोट त्यात मूठभर चौकटींत संपतं.

चौकट लहान केली म्हणून अंदाज बरोबर येतोच असं नाही. उलट एक नवी पंचाईत होते. हजारो किलोमीटरची मोसमी प्रणाली आठवडाभर आधी दिसू शकते, पण एकट्या ढगाचं आयुष्य तासाभराचं. तो कुठल्या डोंगरावर उभा राहील हे दोन दिवस आधी कुठल्याच गणितात नसतं, कारण आजच्या मोजमापातली बारीकशी चूक तोवर त्याच्यापेक्षा मोठी झालेली असते. आपल्या भाग्याने गोव्यातले मोठे पाऊस सुट्या ढगांचे कमी आणि मोठ्या प्रणालीचे जास्त असतात. सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळून येणारा तो प्रचंड वारा, किनाऱ्याला समांतर पसरलेला कमी दाबाचा पट्टा, बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल तर त्याची ओढ. साखळीच्या पावसासाठी अख्खी पृथ्वी कॉम्प्युटरमध्ये का घालायची, याचं उत्तर हेच.

जुलै 2021 आठवा. 22 तारखेला चिपळूण बुडालं, 23 ला गोव्यातले सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा हे तालुके. दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये रेल्वेगाडी दरडीने रुळावरून घसरली. 1982 नंतरचा सर्वांत वाईट पूर, असं तेव्हा सरकारनेच म्हटलं. कोकण-गोवा पट्ट्यावर अतिवृष्टी आहे इतकं आधीपासून दिसत होतं. पण पावसाचा जोर एका रात्रीत चिपळूणच्या वाशिष्ठीवरून गोव्याच्या म्हादईवर कधी सरकेल, हे सांगणं वेगळं. साखळीवाल्याला पहिल्या गोष्टीचा उपयोग नाही, त्याला दुसरी हवी.

इशाऱ्यांची अडचण इथेच होते. हवामान खात्याच्या हिशेबात 24 तासांत 204.5 मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. इशारा जिल्ह्याला मिळतो. 210 मिलिमीटर दिवसभर रिपरिपत पडला तर वाळवंटी तो मुकाट्याने खाली नेते. तोच केरीच्या डोंगरात चार तासांत कोसळला तर दहा-बारा किलोमीटरवरच्या तुमच्या बाजारात यायला त्याला फार वेळ लागत नाही. दोन्ही दिवशी इशारा लालच.

जुळं आणि साधं मॉडेल यांत खरा फरक कशाचा, हे तुम्हाला तुमच्याच धंद्यातून सांगतो. संध्याकाळी तुम्ही वही आणि गल्ला ताडून बघता. वही म्हणते बारा हजार तीनशे, गल्ल्यात निघतात अकरा हजार नऊशे. तुम्ही एकदम वही फाडत नाही की गल्ल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. पोराने उधारी लिहायची राहिली असेल, सुट्ट्यांत चूक असेल, असा विचार करून मधला आकडा धरता आणि उद्याची सुरुवात त्यावरून करता. हवामानशास्त्रात याला डेटा असिमिलेशन म्हणतात. वही म्हणजे मॉडेलने काढलेला आधीचा अंदाज. गल्ला म्हणजे उपग्रह, रडार, समुद्रात बुडी मारून वर येणारे चारेक हजार आर्गो तरंगक, पणजीहून रोज सोडला जाणारा फुगा आणि जमिनीवरचे पर्जन्यमापक. कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, याचं गणित तेवढं जास्त किचकट. ही ताडणी जितकी वारंवार आणि जितकी बारीक, तितकं जुळं खऱ्याच्या जवळ. ताडणी थांबली की ते जुळं राहत नाही, नुसता मागे कधीतरी काढलेला फोटो उरतो.

आणि आमचा गल्ला नेमका तुमच्याच डोंगरात रिकामा आहे. रडारचा किरण लांब जाईल तसा जमिनीपासून उंच जातो आणि डोंगरामागचं त्याला दिसत नाही. घाटातला पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांचा असतो, म्हणजे किरणाच्या खालूनच पडून जातो. उपग्रह ढगाचा माथा किती थंड आहे त्यावरून पाऊस ताडतो; बुटक्या ढगाचा माथा उबदार, मग तो फसतो. राहिले जमिनीवरचे पर्जन्यमापक.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका गावात, एका सरकारी छपरावर, आपोआप आकडा पाठवणारं यंत्र होतं. आत चिमुकली डोलती वाटी. ठरावीक पाणी भरलं की ती एका बाजूला कलंडते, दुसरी वाटी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडणं म्हणजे एक नोंद. जुलैतल्या एका रात्री आजूबाजूला धो धो पाऊस आणि या यंत्राचा आकडा शून्य. आमच्या प्रणालीने तो शून्य इमानदारीने खरा मानला आणि त्या डोंगरावरचा पाऊस कमी करून टाकला. दुसऱ्या दिवशी मी आणि एक कनिष्ठ सहकारी गेलो. फणसाचं एक पान गाळणीवर चपखल बसलं होतं, वर शेवाळ, आणि नळकांड्यात वीतभर पाणी तुंबलेलं. पान काढलं तशी वाटी टक टक टक करत सुटली आणि कोरड्या सकाळी कॉम्प्युटरवर ढगफुटी दिसायला लागली. ज्यांच्याकडे त्या यंत्राची देखभाल होती त्यांची शेवटची भेट एप्रिलातली. कोट्यवधींच्या महासंगणकाला एका पानाने गंडवलं, असं मी तेव्हा रागाने लिहिलं होतं. आता वाटतं, खुळे आम्हीच, शेजारच्या चार यंत्रांशी ताडून न बघणारे. आताच्या प्रणाली ते बघतात. पण शेजारी चार यंत्रं असायला तर हवीत.

पावसाचा अंदाज बरोबर आला असं धरू. पूर अजून आलेला नाही. पावसाचं पाणी नदीत किती उतरेल हे जमीन आधीच किती भिजली आहे त्यावर. जूनच्या पहिल्या आठवड्यातला 150 मिलिमीटर मातीच पिऊन टाकते, जुलैअखेरचा 150 सरळ नदीत. मग अंजुणे धरण किती भरलंय आणि दारं कधी उघडतात. आणि सर्वांत शेवटी भरती. वाळवंटी ज्या मांडवीला मिळते तिच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-सुकतीचं अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास असतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत जेमतेम त्याच्या निम्मं. अमावास्या-पुनवेला नदी फुगलेली असताना खालून भरती चढली की वाळवंटीच्या पाण्याला उतरायला जागाच नाही. बाजारातल्या गटाराची दारं बंद करून पंपाने पाणी नदीत फेकायची वेळ तेव्हाच येते. पणजीत ‘18 जून’ नावाच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं त्यातही भरतीचा हात असतोच, हे पणजीकरांना सांगायला नको.

यातली भरती मात्र वर्षभर आधी मिनिटाच्या हिशेबाने माहीत असते. ती छापील कोष्टकात मिळते, फुकट. तुमच्या पत्रातल्या ‘इशारा नसताना पाणी आलं’ त्या दिवशी अमावास्या किंवा पुनव जवळ होती का, हे जरूर बघा. माझा अंदाज, होती.

आता तुमच्या हमालीकडे येतो. चांगलं जुळं किंवा चांगलं मॉडेल ‘येणार’ किंवा ‘नाही’ असं बोलत नाही. सुरुवातीच्या आकड्यांत हलके फरक करून तेच गणित अनेकदा सोडवतात. ईसीएमडब्ल्यूएफ ते 51 वेळा सोडवतं. त्यातल्या तीन उत्तरांत केरीला अतिवृष्टी दिसली तर शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास. आमची माणसं हा आकडा तुमच्यापर्यंत येऊ देत नाहीत. लोक गोंधळतील म्हणतात. व्यापाऱ्यांना शक्यता कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी चवथीआधीचा नारळाचा भाव धरला नसावा.

समजा सगळी पोती माळ्यावर चढवून परत उतरवायला तीन हजार लागतात, आणि पाणी शिरलं तर साठ हजारांचा माल जातो. तीन हजार हे साठ हजारांचा विसावा भाग. म्हणजे शक्यता विसात एक, पाच टक्के, याच्या वर गेली की चढवणं फायद्याचं. याचा दुसरा अर्थ कडू आहे: पाच टक्क्यांवर चढवलंत तर विसांतल्या एकोणीस वेळा पोती उगाच चढतील. आणि तरीही तुमचा निर्णय बरोबरच होता. शेजारी हसेल. हसू द्या.

चांगल्या जुळ्याचं काम इथे सुरू होतं. आज मॉडेल लांबून बघतं, म्हणून पावसाळ्यातल्या तीस दिवशी ते सहा-सात टक्के म्हणतं. बारीक चौकट, नीट ताडणी, जमिनीचा ओलावा, धरण आणि भरती एकत्र जोडली की त्या तीसपैकी पंचवीस दिवस एक टक्क्याखाली जातील आणि पाच दिवस तीस टक्क्यांवर. तुमची सुरक्षितता तीच, हमाली सहावा हिस्सा. (हे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत, कुणी मोजलेले नाहीत.) जुळं विकायला येणाऱ्याला ‘किती किलोमीटरचं?’ असं विचारू नका. ‘माझे किती दिवस वाचवशील?’ असं विचारा.

तोवर निर्णय तोडून घ्या. दोन दिवस आधी कोकणावर मोठी प्रणाली दिसली तर नवा माल उतरवून घेऊ नका. याला खर्च नाही. आदल्या संध्याकाळी भरतीची वेळ बघा, खालची थप्पी तेवढी चढवा. बाकीची चढवायची ती केरीचा पाऊस आणि नदीची पातळी बघून, तीन-चार तासांच्या हिशेबाने. भारताकडे 2020 पासून अचानक येणाऱ्या पुरासाठी सहा तासांची मार्गदर्शन प्रणाली आहे, चार किलोमीटरच्या चौकटीची. ती तालुक्याच्या पातळीवर वापरा असं मी पंचायतींच्या कानीकपाळी ओरडत असतो.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारणारच. गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्टसारखं मॉडेल 1979 ते 2017 च्या हवामानावर शिकलं आणि दहा दिवसांचा जगाचा अंदाज मिनिटाच्या आत काढतं. चक्रीवादळाचा मार्ग ही मॉडेलं झकास सांगतात. मे 2021 ला तौक्ते गोव्यासमोरून गेलं तसं काही उद्या आलं तर मी त्यांचाही नकाशा उघडेन. पण ग्राफकास्टची चौकट पाव अंशाची, म्हणजे सुमारे 28 किलोमीटरची, गोव्याच्या वाट्याला पाचेक येतात. शिवाय सरासरी चूक कमी करायला शिकवलेली असल्यामुळे अशी मॉडेलं टोकं घासून गुळगुळीत करतात, आणि आपल्याला टोकांचंच भय. वेगळी पद्धत आहे ती खडबडीत अंदाज एआयने बारीक करण्याची. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या ‘अर्थ-2’ने तैवानसाठी 25 किलोमीटरवरून 2 किलोमीटरवर आणून दाखवलं. मात्र शिकायला तैवानकडे बारीक नोंदींचा साठा होता. आपल्याकडे फणसाचं पान आहे.

जुळ्याची मला सर्वांत आवडणारी बाजू वेगळीच, ‘असं झालं तर’ विचारण्याची. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग जुलै 2021 तोच, पण दोन अंश तापलेल्या जगात, साखळीत कुठवर? अंजुण्यातून आदल्या दिवशीच पाणी सोडलं असतं तर? खाजनाचे, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांचे, बांध आणि मानशी, म्हणजे त्या बांधांतली पाण्याची दारं, शाबूत असत्या तर भरतीचं पाणी कुठे पसरलं असतं? खरी नदी हे प्रयोग करू देत नाही.

पण असा प्रयोग खरा की खोटा हे पारखायला जुन्या पुरांची उंची लागते, आणि ती कुठल्याच उपग्रहाकडे नाही. तुमच्या वडिलांनी खांबावर ओढलेली रेघ आहे. ती रस्त्यापासून किती इंच वर आहे ते टेपने मोजून कळवा, आणि घरात कुणाला आठवत असेल तर साल, तिथी आणि पाणी पहाटे आलं की दुपारी, तेही. शेजारच्या गाळ्यांत अशा आणखी रेघा असतील तर त्याही. भिंतीला नवा रंग देण्याआधी.